भारी म्हणजे किती किलो

श्रीहर्षनं पार्किंगमध्ये विचारलं,
आत्या, ही गाडी भारी आहे का गं?
पुण्याहून आलेला त्याचा मित्र
बॉनेटवरच्या धुळीत बोट फिरवत उभा होता.

भारी म्हणजे किती किलो?
साडेसहाशे.
गड्ड्याच्या गर्दीत आडवी लागली तेव्हा
चार पोरांनी चारी कोपऱ्यांना धरून सरळ करून दिली.
मी पाहिलंय. मी आत बसले होते.

कूल म्हणशील तर एसीच नव्हता.
एप्रिलात होटगी रोडला चव्वेचाळीस,
नायना स्टिअरिंगला ओला पंचा गुंडाळून चालवायचे,
चौक यायच्या आत पंचा कडक भाकरीसारखा.

आणि खरं सांगू, तेव्हाही ती भारी नव्हती.
भारी होती दातांच्या डॉक्टरांची झेन,
बाटलीसारखी हिरवी, काचा काळ्या.
आमची पांढरी. पांढरी सगळ्यांचीच.
अशोक चौकात पाच जणी रांगेत उभ्या असल्या
की आई हमखास चुकीच्या गाडीत जाऊन बसायची.
एकदा एका परक्या माणसाला म्हणाली,
हा शेंगाचटणीचा डबा धरा जरा.
त्यानं धरला.

घरी तिला बंडी म्हणायचो.
तेलुगूत बंडी म्हणजे गाडी,
मराठीत बंडी म्हणजे बिनबाह्यांची.
दोन्ही बरोबर.

नायना जेकार्डची कार्डं पाडायचे,
आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे पेन्सिलीनं,
मग एकेक भोक, ठक्, ठक्,
रात्री जेवतानाही त्यांचं बोट ताटावर वाजायचं.
जन्मभर मोर. मोर आणि कमळ. मोर.
बंडी आली त्या वर्षी, सत्त्याण्णवला,
त्यांनी चादरीवर गाडी काढली.
म्हणाले, मोर फार वळतो बाळ,
मान वळते, पिसारा वळतो,
वळणावर चौकोन चुकतात.
हिला बघ, वळणच नाही.
जपानात कुणीतरी माझ्याच कागदावर काढली असणार ही.

दोनशे चादरी विणल्या उधारीच्या सुतावर.
मेहेंदी रंगावर पांढरी गाडी, कडेनं वेल,
आणि इतका हिशेब करूनही
चाकं मात्र चौकोनी आली.
व्यापारी उलगडून बघत बसला, मग हसला,
अंबादास, गाडी पांघरून कोण झोपतं?

त्यानंतर पाच वर्षं
आमच्या नात्यातल्या प्रत्येक नवरदेवाला
लग्नात गाडी मिळाली.

माग विकले, बंडी ठेवली.
मागची सीट काढून टॉवेलचे गठ्ठे नेले पार्सल ऑफिसला,
नंतर सीट परत बसवली, नायनांना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून.
ते मागे आडवे, पाय दुमडलेले,
तरी गिअर चुकला की तिथूनच घसा साफ करायचे.
अजूनही तिसरा टाकताना
मी एक क्षण थांबते.

मैनुद्दीनचाचा म्हणतात, भंगारात वीस हजार येतील.
तुझा मित्र म्हणतो, मॅट काळी करा, खाली बसवा,
रुंद टायर, मागे स्पीकर, मग बघा कसली भारी दिसेल.
दिसेल. मी कुठं नाही म्हणते?
लिंबाच्या झाडालाही लाइटिंग केलं की दिसतं चांगलं.

पण तू विचारलंस म्हणून सांगते, नाही रे.
भारी नाही. चालू आहे.
चोक अर्धाच ओढ, ऍक्सिलरेटरला पाय लावू नको,
आधी खोकेल. खोकू दे.

तेवढ्यात मित्रानं मागचं दार उघडलं
आणि सीटवर अंथरलेलं ते ओढून उन्हात धरलं.
आईशप्पथ, म्हणाला, हे काय भारी आहे!
कुठं मिळतं?
आता कुठंच नाही, म्हटलं, शेवटची आहे.
कितीला द्याल?
मी म्हटलं, नीट बघून घे आधी,
चाकं चौकोनी आहेत.

चालेल, म्हणाला.