निरंक

माझं काम सध्या असं आहे:
एका अवजाराची माहिती लिहायची,
जे लॉगमधल्या चुका मोजतं.
वाचणारा माणूस नाही.
एजंट आहे. रात्री दोनलाही वाचतो,
तळटीपसुद्धा सोडत नाही,
आणि लिहाल ते खरं धरतो.
याचीच जास्त भीती वाटते.

घाटंजीच्या पुढं, आमच्या गावात
रेंज येते ती स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकलं तर.
तिथं पोतं अंथरून मी लिहिते:
'हे अवजार ओळी मोजतं. कारण सांगत नाही.'
खाली बाबा तुरीचे सोले काढत बसलेले.

बाबा एकतीस वर्षं सबस्टेशनात ऑपरेटर.
तारीख, वेळ, फीडर, कारण, सही.
०३:१२, मांडवा, वांदर.
१४:४०, सोनखास, वांदर.
१४:५५, सोनखास, तेच वांदर.
वरून विचारलं, मग किती धरायच्या?
"ट्रिपिंगा तीन. वांदरं दोन."
मी लिहिलं: 'एकूण ओळी वेगळ्या, एकूण चुका वेगळ्या.
एकच चूक हजारदा ओरडू शकते.'

परवा एका एजंटानं कळवलं, एक चूक सापडली.
उघडून पाहिलं तर ओळ होती,
'एकही एरर आढळला नाही.'
शब्द दिसला, मोजला.
मी हसत खाली गेले सांगायला. बाबा हसले नाहीत.
घोडमारे साहेबानं म्हणे एका महिन्यात
'ट्रिपिंग नाही' लिहिलेल्या अकरा रात्री
अकरा ट्रिपिंगा म्हणून वर पाठवल्या होत्या.
"मेमो मले आला."

शून्यापाशी मात्र चार दिवस अडकले.
चूक नसली की शून्य.
फाईल उघडलीच नाही, तरी शून्य.
लिहिणाराच जागेवर नव्हता, तरी तेच,
तेवढंच गोल.

बाबांनी पेटीतून जुनं रजिस्टर काढलं,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
एकोणीस जानेवारी, रात्रपाळी:
सरळ, सुबक अक्षरात, निरंक.
खाली हिरव्या शाईत कुणाचं तरी 'पाहिले'.
माझी जन्मतारीख.
"त्या रात्री काहीच झालं नाही?"
"झालं ना. दोन खेपा गेली मांडव्याची.
दोन्ही खेपा नेवाऱ्यानं घेतली. हेल्पर माणूस, लिहिता नोयतं येत त्याले.
मी सायकल हाणत दवाखान्यात.
तू होऊन राह्यली होती."

मग बराच वेळ ते सोल्यांत बोटं फिरवत राहिले.
"सकाळी येऊन निरंक लिहिलं.
पान कोरं ठेवलं असतं, तं चाललं असतं.
कोरं म्हणजे ठाऊक नाई.
निरंक म्हणजे मी पाह्यलं, अन काहीच नोयतं."

एकतीस वर्षांत ते पान
साहेबानं पाहिलं, म्हणजे सही केली.
वाचलं मी, आज.

वर येऊन लिहिलं:
'फाईल मिळाली नाही तर शून्य म्हणू नये.
पाहता आलं नाही, असं म्हणावं.
आणि का आलं नाही, ते माहीत असेल तरच लिहावं.'
पुन्हा वाचलं. 'म्हणू नये' खोडून 'म्हणू नका' केलं,
समोर कुणीतरी बसलंय असं वाटून.

तेवढ्यात लाईट गेली.
टाकीत पडणारी धार बारीक होत थांबली.
खाली मोबाईलचा उजेड हलला:
बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी, चष्मा कपाळावर.
निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी तारखेच्या चौकोनात
१९:४७, मांडवा.
कारणापाशी पेन थांबलं.
"वांदर?" मी वरून ओरडले.
"पाह्यलं का तू?"
नाही म्हटलं.
"मंग?" म्हणाले,
आणि टोपण लावून
पेन खिशाला अडकवलं.