पन्नास ग्रॅमच्या खाली

जेवणानंतरची साखर एकशे ऐंशी.
लॅबवाल्याने आकड्यापुढे ठळक चांदणी काढलीय.
रिपोर्टची घडी करून खिशात घालणार,
तर तेजलने तो ओढून वहीशेजारी ठेवला.
"थांबा बाबा, तुमच्यातच माझं उदाहरण आहे."

सोमवारी तिची अकरावीची केमिस्ट्री.
कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी खोलीत
टेबल म्हणजे शिलाई मशीनचं झाकण.

ग्लुकोज, ती म्हणते. सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन.
बाहत्तर, बारा, शहाण्णव. करा बेरीज.
करतो. एकशे ऐंशी.
"बघा! ग्रॅम असते तर अख्खा मोल.
तुमचे मिलिग्रॅम आहेत, म्हणजे हजारावा भाग."
मग सहा पूर्णांक शून्य दोन दोन,
गुणिले दहाचा विसावा घात.
एवढे रेणू, एका कटिंगच्या ग्लासभर रक्तात.

सव्वीस वर्षं मी पावण्याच्या कंपनीत काट्यावर.
पावडरची गोणी चढवायची, सुई थांबू द्यायची,
पन्नास किलो, रेघ मारायची, पुढची.
शून्यं मीही कमी पाहिली नाहीत,
पण ती चलनावर, शेठच्या नावासमोर.

"हे मोजलं कोणी एकेक करून?"
"कोणी नाही. वजन करायचं, भागायचं, गुणायचं."

चहा येतो, बिनसाखरेचा.
"एक रेणू टाक की," मी म्हणतो, "एकाने काय होतंय?"
ती हसत नाही. विचार करते, खरंच करते.
"टाकला तरी तुमच्या काट्याला कळणार नाही."

काट्याचं लघुतम माप पन्नास ग्रॅम.
त्याखालचं आम्ही शून्य धरायचो.
गोणी आपटली की ते शून्य उडायचं,
भुवयांवर बसायचं,
डब्यातल्या भाकरीवर.

शिवणीला शेजारी अंकुश गोळे.
रुमालात खोकायचा, पिवळं.
डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती जात असेल नाकात?
त्याने माझ्याकडे पाहिलं. काटा माझा ना.
मी म्हटलं, काही नाही हो,
सुई हलण्याइतकं तर नाहीच.

"तेजल, पावडरचं सूत्र सांगितलं
तर चिमटीतले रेणू निघतील?"
"निघतील की. चिमटीचं वजन सांगा."

मी दोन बोटं जुळवून दिव्याखाली धरतो.
ती पेन्सिल टेकवून थांबलीय.