विटकरी

पेशींना रविवार नसतो,
हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि किल्ली हातात ठेवली.
ओउलू, जानेवारी, सकाळचे नऊ, बाहेर अजून काळोख,
खिडकीच्या काचेवर बर्फाची साय.
आत सदतीस अंश, कुणाच्या तरी पोटातली ऊब,
आणि थाळ्यांतलं गुलाबी पाणी.
"पिवळं पडलं तर समज, जेवून झालंय.
नवं वाढ. उशीर करू नकोस."

हिल्का भावाबद्दल एकदाच बोलली.
जूनमधली ती रात्र, जिला रात्र म्हणायचं फक्त घड्याळाकडे बघून.
अख्खं शहर पाण्याकाठी शेकोट्यांपाशी,
आणि आम्ही दोघी पेशींना भरवत बसलेल्या.
ओइवा. नऊ वर्षांचा.
आई काचेची सिरिंज उकळायची
बटाट्यांच्या शेजारी, त्याच चुलीवर.
हिल्काकडे परीक्षानळी:
त्याची लघवी, निळं औषध, खाली स्पिरिटचा दिवा.
निळं राहिलं तर ओइवाला मुरंबा.
हिरवं झालं तर नाही.
विटकरी झालं तर आई दिवसभर कुणाशीच बोलायची नाही.
"मी आतल्या खोलीत ओरडून रंग सांगायचे," ती म्हणाली,
"कधी कधी हिरव्याला निळं.
त्याला मुरंबा फार आवडायचा."
मग तिनं पिपेट उचललं.
पुढचं मी विचारलं नाही.

नंतरची पंचवीस वर्षं सांगायला सोपी आहेत.
काही घडलं नाही.
म्हणजे, पेशींना वाटेल ते व्हायचं होतं,
एक स्वादुपिंड सोडून.
कधी मज्जातंतूंसारखे हात पसरत गेल्या.
एकदा तर चक्क धडधडू लागल्या, थाळीच्या कोपऱ्यात,
एवढंसं हृदय.
हिल्का वाकून म्हणाली, "गोड आहेस. पण तू नकोस."
एका उंदराच्या पाठीत गाठ वाढली;
आत केस होते, आणि एक दात.
त्या आठवड्यात ती कॉफीला आली नाही.

अनुदान समिती दरवर्षी लिहायची: महत्त्वाकांक्षी.
म्हणजे नाही.
विद्यार्थी आले, शिकले, समुद्रापार गेले,
नाताळची कार्डं पाठवत राहिले.
नवरा म्हणाला, पुरुषालाही सवत असते
हे मला इथे येऊन कळलं,
आणि स्कीची जोडी घेऊन निघून गेला.

मग मार्चमधला एक मंगळवार.
सत्ताविसाव्या दिवसाची थाळी,
तळाशी खसखशीएवढे गोळे.
तिनं रंग सोडला.
इन्शुलिन असेल तर लाल, नसेल तर काही नाही.
काही नाही बघायला आमचे डोळे सरावलेले.
एक दाणा लाल झाला. त्याच्या शेजारचा. मग
सगळी खसखस.
तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.
"विटकरी!" ती म्हणाली,
केवढ्यानं तरी,
आतल्या खोलीत कुणाला ऐकू जावं तशी.
आतली खोली म्हणजे आमचं भांडारघर.
तिथे कुणी नव्हतं.

औषध झालं ते दुसऱ्यांच्या देशात.
निबंधात तिचं नाव अकरावं.
केमीला शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईनं
त्या वाणाच्या पेशी यकृतात घेतल्या,
चौदा महिने सुईशिवाय राहिली.
मग पुन्हा थोडं थोडं टोचावं लागलं.
हिल्कानं दोन्ही आकडे वहीत उतरवले,
सारख्याच अक्षरात.

बाईनं एक बरणी पाठवली होती. जंगली बेरींचा मुरंबा, घरचा.
प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही,
हा नियम हिल्कानंच टाइप करून दारावर डकवलेला.
ती निवृत्त झाली त्याला दोन वर्षं झाली.
आज रविवार. मी थाळ्या काढायला फ्रीजमधून औषधं घेते,
आणि ती बरणी अजून तिथेच, मागच्या रांगेत,
झाकण न उघडलेली.
इतर बाटल्यांसारखीच तिच्यावर चिठ्ठी, तारीख,
आणि पदार्थाच्या नावाच्या जागी तिच्या अक्षरात:
निळं.
खाली, वेगळ्या पेनानं:
या वेळी खरंच.