तालीम

हैमापासून चाळीस किलोमीटर आत,
जिथे रस्ता आपण रस्ता आहोत हे विसरतो,
तिथे सहा माणसं मंगळावर राहण्याची तालीम करतात.
पांढरा घुमट. दोन दारांमध्ये एक कोंदट खोली.
आणि एक यंत्र, जे त्यांचं मूत
परत पिण्याजोगं करतं.
त्याची मेंब्रेन बदलायला मी येतो,
मुबीन खतीब, गाव बाणकोटच्या खाडीवर,
बताक्याचा नंबर पाठ, जन्मतारीख अंदाजे.

नियम असा की आतल्यांनी मला पाहायचं नाही.
पान्याचा आवाज झाला तर समजायचं, वारा आहे.
मला हे अवघड नाही.
बारा वर्षं मी या देशात
बऱ्याच लोकांना वारा वाटलो आहे.

आमच्या वाडीपलीकडे लेल्यांच्या सुमतीला कडक मंगळ होता.
सदतीस वर्षांची होईतो तो तिच्या घरात ठाण मांडून होता.
आता माणसं त्याच्या घरात जाऊन बसणार म्हणतात.
कळवायला हवं होतं तिला.

बाहेरच्या तंबूत डॉक्टर हुदा पडद्यावर आकडे बघते.
चहा देते. विचारते,
तुला नेलं खरंच, तर जाशील?
मी विचारलं, सुट्टी कधी?
ती म्हणाली, सव्वीस महिन्यांनी एकदा ग्रह सोयीचे होतात,
निघायचं तर तेव्हाच.
माझ्या कंपनीचे चोवीस, मी म्हटलं. दोनाचाच फरक.
तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटं मोठा.
मग ती चाळीस मिनिटं ओव्हरटाइम धरणार का?
ती हसली. मी हसलो नाही.

आवाज पोचायला कधी कधी बावीस मिनिटं, ती सांगत होती.
जेवलीस का, असं विचारायचं
आणि उत्तर येईतो भांडी घासून व्हायची.
तहसीनचे निरोप मी रात्री ड्युटी सुटल्यावर ऐकतो.
त्यात अफीफाला ताप आलेला असतो
आणि पुढच्या निरोपात उतरलेला असतो.
मधला ताप मला कधी भेटत नाही.

मग मी ते विचारलं, जे कॅम्पात नवीन आलेला पोरगा
तिसऱ्या दिवशी विचारतो.
तिथे कोणी गेला तर?
हुदाने चष्मा काढला, ओढणीने पुसला,
पुन्हा घातला.
ते अजून ठरलेलं नाही.

आमचं ठरलेलं आहे.
बारिसालचा सुबहान वरच्या खाटेवर होता.
तीन कचेऱ्या, अकरा दिवस, चार शिक्के,
मग मालवाहू विमानातून.
त्याच्या चपला राहिल्या, त्या मीच वापरल्या.
पण तो पोचला. मातीला माती मिळाली.
यानाच्या नकाशात मी तेवढंच शोधत होतो,
परतीच्या रेषेत ती पेटी कुठे ठेवणार.

बखीत हारासूस आहे. त्याच्या उंटांना खुणेवाचून वाट कळते.
एकदा त्याने खिशातून काळा खडा काढला,
जांभळाएवढा, पण जड.
असलेच काही मंगळावरून पडलेत म्हणे या पठारावर.
हाही तिथलाच असेल की नुसता जळका दगड,
त्याला ठाऊक नाही, मलाही नाही.
मी हातात धरून ठेवला थोडा वेळ.
ना व्हिसा, ना कफील.
असलाच तर आला आणि राहिला.

काल तिसरी गाळणी बसवत होतो.
ऊन उतरत होतं, शमालाने तोंडात खर आणली होती.
तेवढ्यात पाइप वाजला.
टक. टक.
आतून.
पाणी अडलं तर असं वाजत नाही,
बोटाचं पेर कसं वाजतं ते मला कळतं.
एकतिसावा दिवस होता त्यांचा.

मी पाना खाली ठेवला.
वाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं.
घड्याळ पाहिलं, पाच वाजून चार मिनिटं.
टाकीच्या सावलीत उकिडवा बसलो,
उरलेला खुबूस खाल्ला,
एक विंचू आपल्या कामाने गेला.

पाच सव्वीसला
मी दोनदा वाजवलं.