कापसाचा बर्फ

बर्फ आमच्या गावचा होता.
मिलच्या कार्डिंग खात्यातला टाकाऊ कापूस,
दोन ट्रक, भाव ठरवून सिनेमावाल्यांनी नेलेला,
असं अंबादास येमूल ऑपरेटर सांगायचा,
आणि ते ऐकून अर्धी साखर पेठ तिकिटाला उभी राहिली.
एप्रिल होता. बाहेर त्रेचाळीस.
पडद्यावर हिमालय, आणि आम्ही पदराने वारा घेत
ओळखू पाहत होतो
कोणता पुंजका कुणाच्या हातचा.

दोष सांगायचे तर बसा निवांत.
शत्रूला एकही वाक्य नाही, नुसत्या मिशा.
जवान धावतात, तोंडातून वाफ नाही.
खंदकातल्या घड्याळात तिन्ही दिवस दहा वाजून दहा.
नायकाला सात गोळ्या लागतात
(आई मोजायची. रोज हजार विड्या वळणारी,
तिची मोजणी चुकत नसे)
तरी तो पत्र पुरतं वाचतो, थोरामोठ्यांना नमस्कार सांगतो,
मगच मान टाकतो.
तार आल्या आल्या त्याची बायको बांगड्या फोडते.
आई म्हणाली, चुलीवर काय होतं तिच्या?
आधी ते उतरवेल ना बाई.

आणि त्या एवढ्या बर्फात कुणीच खोकत नाही.
कार्डिंगला एकवीस वर्षं काढलेले बाबा
तेवढ्यावरच बोट ठेवायचे.

चांगलं? हाय की.
तोफ थांबल्यावरची शांतता त्यांनी तशीच सोडली, वाद्यं न घालता.
तिच्यात टॉकीजचे पंखे ऐकू आले.
मेलेल्या खेचराचं ओझं उतरवणारा पोरगा
गाठ सोडवतो, कापत नाही.
दोरी परत लागणार असते.
हे ज्याला सुचलं त्याला लढाई माहीत नसेल,
दोरी माहीत होती.

आणि तो लंगरातला आचारी.
चाळीस जणांची कणीक मळून बसलेला.
चौदा परत येतात.
तो परातीकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे,
आणि नेमकी तिथंच वीज गेली.

शिट्ट्या. “ए येमूल, काय करलालास बे!”
मग उकाडा, नुसता उकाडा.
आमच्या मागच्या रांगेत हवालदार बिराजदार,
डाव्या पायाला दोनच बोटं उरलेले,
मघापासून कापसाला नाकातून हसत होते.
अंधारात म्हणाले, कुणाला ते कळलं नाही,
“उरलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकायचं असतंय.
सकाळी तीच भाजली आमी.
दोन-दोन जास्त आल्या वाटणीला.”
थोड्या वेळानं,
“भूक लागली होती.”

शिट्ट्या कधी थांबल्या ते आठवत नाही.
वीज आली तेव्हा पडद्यावर
नायिका निळ्या साडीत आमच्या कापसावरून घरंगळत होती
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परवा नातवाने तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला.
आचाऱ्याचं दृश्य चार सेकंदांचं आहे.
मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले,
बाकी काही नसो, तेवढं एक बघा,
किती वेळ धरलंय त्यांनी ते.
त्यांनी नाही धरलं. वीज मंडळानं धरलं.
माणूस काम वाईटच करतो, एकदा तर कॅमेऱ्याकडे बघतो,
फडकं कुठंच नाही,
आणि लगेच गाणं.

तरी परात आहे.
एवढ्या धडाडधूममध्ये कुणाला तरी वाटलं
की परात दाखवावी.
याला गुण म्हणायचं की चुकून लागलेला नेम,
हे विचारायला बिराजदार नाहीत, येमूल नाही,
मिलच्या जागी बाभळी आहेत.
बाबांचा कापूस असलाच तर तो
या तळहाताएवढ्या डोंगरावर.

मी अंगठ्याने थांबवते.
परात. हात. मागे पांढरं.
स्क्रीन आपली आपण मंद होत जाते,
मी परत अंगठा लावते.