बूस

आधी ती बाटली खाली ठेव, कस्तुरव्वा.
निळी, टोपण उघडलं की डोळ्यांत पाणी आणणारी,
खानापूरच्या बाजारातून एस्टीत
मांडीवर उभी धरून आणलीस ती.
भिंत कुठं पळून जात नाही.
बस जरा. चहा घे.

मी सांगतो. हस, हस.
टीव्हीवरची मराठी शिकून आलीस तू,
त्यातली बाई 'सांगते' म्हणते.
जांबोटीत बाई पण 'सांगतो'च.

सौंदत्तीकडं भिंतीवर नुसतं ऊन चढतं म्हणालीस.
इथं आषाढात चपला हिरव्या होतात,
मीठ बरणीत रडत बसतं,
दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते,
आणि तुझ्या लग्नाच्या फोटोत बघ,
लाइनमन साहेबांच्या कानापर्यंत
पांढरी जाळी चढलीय.
तुम्ही बूस म्हणता, आम्ही बुरा.
हाक कुणीच मारत नाही, तरी येतो.

कोरड्या झाडूनं खरडू नको.
उडतो तो, आणि छातीत जाऊन घर करतो.
फडकं ओलं घे, नाकावर पदर बांध.
रिठे रात्रीच भिजत घालायचे, मूठभर,
बिया काढून दे पोरांना, गोट्या खेळतील.
फेस थोडाच येतो.
फेस म्हणजे स्वच्छ नव्हे,
एवढं कळायला माझे दहा पावसाळे गेले.

फळ्यांना, फरशीला
काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस, माझ्याकडं आहे.
वास दोन दिवस राहील, नवरा कुरकुरेल, कुरकुरू दे.
चुन्याच्या भिंतीला मात्र लावू नको, चुना खातो तो.
आणि निळ्या बाटलीत मिसळायचा तर विचारही नको.
कोळसे न पेटवता टोपलीत घालून कपाटात ठेव.
कपाट वीतभर पुढं ओढ.
भिंतीलाही पाठ असते,
तिला वारा लागू दे की.

मी पण ओतलो होतो.
थोरल्याच्या बारशाआधी, तीन बाटल्या.
पाहुणे म्हणाले, काय घर ठेवलंय,
अगदी दवाखान्यासारखं.
चौथ्या दिवशी मोरीमागच्या चरात
बेडूक, पोटं वर करून.
किती, ते मोजलो नाही.
चुलीतली राख टाकून झाकलो
आणि आजपर्यंत कुणाला सांगितलो नाही.

तो चर बघ, तुझ्या मोरीचा पण तोच.
खाली ओहोळाला मिळतो,
ओहोळ मलप्रभेला.
कणकुंबीत उगवून इथवर येते तेव्हा
गुडघाभर पण नसते उन्हाळ्यात, म्हशी बसतात तिच्यात.
मग खानापूर, मग कुठली कुठली गावं, माझ्या न बघितलेली,
आणि मग तुमचं धरण.
त्याचंच पाणी ना तुझ्या माहेरच्या नळाला?
आठवड्यातून एकदा येतं म्हणालीस,
आई घागरी मांडून बसते.
म्हणूनच ती रोज फोनवर
तुझं जेवण झालं का विचारायच्या आधी
'मळी हेंगैती?' विचारते.
मला वाटायचं, लेक भिजेल म्हणून काळजी.

टोपण झालंय घट्ट. किती फिरवतेस?

नाही, सगळा जाणार नाही.
त्या कोपऱ्यातला तर श्रावणात परत येईल,
कौल फुटलंय तिथं, ते आधी बघायला सांग साहेबांना.
खांबावर चढतात, घरावर चढायला काय?
भिंतीला नवा चुना शिमग्यानंतर.
तोवर पुसायचं, परत पुसायचं,
बोटं सुरकुततात, पण सोलत नाहीत.

चहा गार केलीस बघ.
फडकं घे, मी खालचं पुसतो, तू उंच आहेस.
आणि संध्याकाळी फोन आला
तर सांग आईला,
म्हणावं, पाऊस आहे.
पाणी निघालंय.