एक मिलिसेकंद

अॅबरिस्टविथ. नोव्हेंबर. चारलाच दिवे लागले.
खिडकी उघडते, चित्र येत नाही,
नुसती राखाडी पाटी,
पुसून वाळत ठेवल्यासारखी.
तिसरा दिवस.

इफान म्हणतो, ग्राफिक्स कार्ड गेलं असणार.
मी म्हणते, थांब जरा,
आणि तिथेच अडते:
आपला प्रोग्रॅम कुठे थांबतो?
चित्र पुढ्यात टाकतो नि पळतो,
वाढलं न वाढलं तोच ताट उचलणाऱ्या
वाढप्यासारखा.
रंगायला उसंतच नाही खिडकीला.

एक ओळ घातली. थांब, एक मिलिसेकंद.

उमटलं.
त्यानंच काढलेला फोटो, कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा:
ओला फूटपाथ, दगडी भिंत,
आणि पेटी निळीशार.

"लाल आहे ना रे ती?"
"लालच," तो म्हणतो,
पण कोट चढवून
खात्री करायला खाली जातो.

मी वरून बघते. काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं, ते पुसते.
पेटीवर हात ठेवून तो
मान हलवतो: लाल.

म्हणजे लाल-निळ्याची अदलाबदल आमच्याच कोडात.
ते उद्या.
आत्ता तो भिजतोय तिथे,
मी काही खूण करीन म्हणून
थांबलेला.